चोथ्यासकट

इस्फरा, ४ फेब्रुवारी

इक्रोम,

तू धडधाकट आहेस असं धरून लिहिते आहे. तसं नसेल तर आधी ते कळव, बाकीचं मग वाच.

पत्र बघून हसू नकोस. घरात फोन असताना आई कागद कशाला काळे करते, असं म्हणशील. फोन एकच आहे आणि तो तुझ्या बायकोच्या खिशात असतो. मी तुझ्याशी बोलायला लागले की ती 'बोला तुम्ही, आई' म्हणून पलीकडच्या खोलीत जाते खरी, पण तिकडचा भांड्यांचा आवाज थांबतो. आवाज थांबला की मी काय समजायचं ते समजते. शेजारच्या तुर्सुनोयचा भाचा येकातेरिनबर्गला परत निघालाय, त्याच्या हातून हे पाठवते. पाकीट नीट चिकटवलंय. उघडलेलं मिळालं तर सांग, मी त्याच्या मावशीकडे बघून घेईन.

गोष्ट तशी लहान आहे. तुझ्या मेहरंगेजनं मिक्सर आणलाय. कुठून आणलास, असं विचारलं तर म्हणते भावानं दिला. भावानं! लग्नात त्यानं दिलेल्या गोधड्यांत कापसापेक्षा हवा जास्त होती, आणि तो मिक्सर देणार? बरं, दिला म्हणू. पण त्यात ती वाटते काय? सध्या वीज पहाटे येते आणि चहा होईपर्यंत जाते. ही विजेच्या आधी उठून अंधारात बसलेली असते. दिवा लागला रे लागला की घर्रर्र. अख्खी गल्ली विचारते, होसियत, तुझ्या घरात ट्रॅक्टर कुठला?

मी दाराच्या फटीतून बघितलं. रात्री भिजत घातलेले सुके जर्दाळू, पाण्यासकट. सफरचंद, सालीसकट. मूठभर ओट, जे तुझे आजोबा घोड्याला घालायचे. वर जवसाची पूड आणि दही. साखर नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती ते गाळत नाही. इक्रोम, तुझ्या आईनं डबाबंद फळांच्या कारखान्यात जन्म काढला, तोही गाळण विभागात. साल आणि चोथा जातो गुरांपुढं, रस जातो बाटलीत. ज्याला रस गाळायचा नसतो त्याला त्यात काहीतरी लपवायचं असतं, हे मी तिथं शिकले.

"हे म्हणायचं तरी काय?" मी विचारलं.

"स्मूदी, आई."

"नाव तरी माणसासारखं ठेवायचं."

अर्धं ती स्वतः पिते. अर्धं प्याल्यात ओतून वर बशी झाकून माझ्या उशाशी ठेवते आणि म्हणते, "उरलंय, आई. टाकवत नाही. घेता का?" एखाद दिवशी उरलं तर समजू शकते. रोज बरोबर प्यालाभर कसं उरतं? मी ते मेंढीला घालते. मेंढी बरी आहे. अजून तरी.

माझी तब्येत उत्तम. 'आईंना जरा बरं नाही' असं ती तुला फोनवर म्हणाली असेल, तर त्यात तथ्य नाही. परसाकडे मला थोडा जास्त वेळ लागतो, तो वाटेवर बर्फ असतो म्हणून. हा विषय मला पुन्हा नको.

तुझा हा तिसरा हिवाळा तिकडं रशियात. कधी येतोस?

आई


इस्फरा, २७ फेब्रुवारी

इक्रोम,

तुझा फोन आला तेव्हा मी अंगणात होते. मला हाक मारायला वेळ मिळाला नाही, असं ती म्हणाली. तीन वाक्यांत तुमचं बोलणं संपलं म्हणे. नवराबायकोचं बोलणं तीन वाक्यांत संपतं का, ते मला माहीत नाही. तुझ्या वडिलांचं एका वाक्यात संपायचं, पण ते समोर बसलेले असायचे.

पत्र मिळालं का, ते तू सांगितलं नाहीस. मिळालं असणार. भाच्यानं तुर्सुनोयला तसं कळवलंय.

आता पुढचं ऐक. नानसुद्धा बदलली. आपल्या तंदुराची नान मोहल्ल्यात नावाजलेली. पांढरी, फुगलेली, मधे शिक्क्याची नक्षी. ही आता कोंड्यासकट पीठ मळते. नानेचा रंग मातीच्या भिंतीसारखा झालाय. परवा तुर्सुनोय आली तर हिनं तीच पुढं ठेवली. तुर्सुनोयनं तुकडा हातात धरून उलटसुलट बघितला आणि म्हणाली, "होसियत, पोरगा पाठवत नाही का गं काही?" मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मी मेहरंगेजला म्हटलं, "घरात मैदा संपलाय का?"

"नाही आई, आहे की."

"मग हा कोंडा कुणासाठी?"

तिची मान खाली. काम करताना बडबडणारी मुलगी या एका प्रश्नाला गप्प बसते. कुठंतरी पाणी मुरतंय.

आणखी एक. दर गुरुवारी ती 'बाजारात जाते' म्हणून निघते. बाजार आपल्याकडे रविवारचा. तुर्सुनोयनं तिला दवाखान्यातून बाहेर पडताना बघितलं. नर्सच्या खोलीतून. ती खोली कुणाची ते तुला ठाऊक नसेल, बायकांना ठाऊक असतं. तिथं बायका एकाच कारणानं जातात.

तुर्सुनोय माझ्या कानाशी लागून म्हणाली, "नवरा तीन वर्षं परमुलखात. बाई पहाटे अंधारात काहीतरी वाटून पिते. पिऊन झालं की दवाखान्यात जाते. आता असली पेयं बायका कशाला पितात, ते मी तुला सांगू?"

"नको सांगूस," मी म्हटलं. तरी तिनं सांगितलंच.

मी काही म्हणत नाही. मी फक्त डोळ्यांना दिसलं तेवढं लिहिते. मेहरंगेज जड कामं करते, उड्या मारत शिडी चढते, तिच्या कमरेचा घेर होता तेवढाच आहे. पण पेय पिऊनच तो तेवढा राहिला असेल तर? बघ, माझं डोकं कुठवर जातं. लग्नाला पाच वर्षं झाली, पाळणा हलला नाही, तेव्हासुद्धा मी तिला कधी लागेल असं बोलले नाही. पण नवरा तू आहेस. तू विचार तिला.

आई


इस्फरा, २४ मार्च

इक्रोम,

नवरोजचा सण झाला. माझ्यासाठी झाला नसता तर बरं झालं असतं.

तू तिला काही विचारलं नाहीस. माझी दोन पत्रं पोचूनही तू गप्प आहेस. ठीक आहे, दूर आहेस, कामाचा ताण असेल. पण परवाचं ऐकलंस तर तूसुद्धा गप्प बसणार नाहीस.

सणाच्या आधी दोन दिवस मी जेवले नव्हते. भूक नव्हती, बाकी काही नाही. अंगणातल्या लाकडी ओट्यावर बायका बसल्या होत्या. तुर्सुनोय, तिच्या दोघी सुना, पलीकडच्या गल्लीतल्या आणखी चौघीजणी. पुलाव झाला, चहा चालला होता. मेहरंगेज सगळ्यांना रीतीप्रमाणं ओतत होती, प्याल्याच्या तळाशी दोन घोट, संपले की पुन्हा दोन घोट. वाकून, छातीवर हात ठेवून. माझ्या मनात आलं, काही झालं तरी रीत जाणते पोरगी.

तेवढ्यात ती आत गेली आणि तो मोठा निळा प्याला घेऊन आली. त्यात तिचा तो चिखल. आणि इक्रोम, प्याला काठोकाठ भरलेला. इतका की चालताना तिच्या बोटांवरून ओघळत होता. सगळ्यांच्या देखत माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "हे सगळं घ्या, आई. आज नाही म्हणू नका."

काठोकाठ प्याला आपल्यात कुणाला देतात, ते तुला शिकवायला नको. ज्या पाहुण्याला 'हा शेवटचा, आता ऊठ आणि चालता हो' असं तोंडानं म्हणता येत नाही, त्याला. माझ्या घरात, माझ्या ओट्यावर, माझ्या प्याल्यात मला तिनं चालतं व्हायला सांगितलं.

मग तुर्सुनोय म्हणाली, "होसियत, तुला उठवतायत गं बाई. चल माझ्याकडे, माझ्या सुना अजून अर्धाच भरतात." सगळ्या हसल्या. मेहरंगेज हसली नाही. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, हातातून गळत होतं ते गळू देत.

मी प्याला घेतला आणि जर्दाळूच्या बुंध्याशी ओतला.

आता ऐक. तुर्सुनोय जे म्हणत होती ते मलाही खरं वाटायला लागलंय. त्या पेयात काय आहे, गुरुवार कशाचे आहेत, मला आता जाणून घ्यायचंसुद्धा नाही. जिला सासू घरात नको झाली, तिला पोट लपवायचं नाही तर काय लपवायचं असतं? तिला ठेवायची की माहेरी पाठवायची ते तू ठरव. मी तुझी आई आहे, तिची नाही.

आई


इस्फरा, १८ एप्रिल

इक्रोम,

मागचं पत्र फाडून टाक. त्याच्या आधीचंही. चुलीत घाल, तिकडं चूल नसेल तर नळाखाली धर.

कारण सांगायला मला लाज वाटते, पण सांगते, कारण दुसरा उपाय नाही. नवरोजनंतर चौथ्या दिवशी माझ्या पोटात असा गोळा उठला की मी ओट्यावरच आडवी झाले. मेहरंगेजनं शेजारच्याची गाडी बोलावली. तुर्सुनोयच्या नवऱ्याची नव्हे. ती तिनं मुद्दाम टाळली, आणि मला तेव्हा त्याचाही राग आला. मला दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सनं, गुलचेहरा तिचं नाव, जे करायचं ते केलं. त्याचं वर्णन मुलाला लिहायचं नसतं.

संध्याकाळी मी जरा माणसात आल्यावर मेहरंगेज औषध आणायला गेली. गुलचेहरा माझ्यापाशी बसली. गोड मुलगी आहे, पण तोंडाला कुलूप नाही. म्हणाली, "आजी, तुम्हालापण हाच त्रास? घरातच आहे वाटतं! तुमच्या सूनबाईंना तर डिसेंबरपासून आहे. किती हैराण बिचारी! दर गुरुवारी येऊन विचारते, अजून काय खाऊ, काय पिऊ. मीच सांगितलं तिला, फळं सालीसकट वाट, गाळू नकोस, चोथाच तर औषध आहे. कोंड्याची नान कर. आता बरं आहे का तिला?"

मी म्हटलं, "कोणाला?"

"तुमच्या सुनेला. बद्धकोष्ठ."

इक्रोम, मेहरंगेजला असलं काही नाही. ती दगड खाऊन पचवेल. डिसेंबरपासून कुणाला त्रास होता ते मला माहीत आहे आणि तिला माहीत होतं, कारण परसाकडच्या वाटेवरचा बर्फ रोज पहाटे तीच झाडत होती. माझा त्रास तिनं दवाखान्यात स्वतःच्या नावावर सांगितला. का, तर त्या दवाखान्याच्या बाकावर अर्धा मोहल्ला बसलेला असतो आणि संध्याकाळपर्यंत होसियतचं पोट चौकात पोचलं असतं. आणि मला ती सरळ बोलू शकत नव्हती. सुनेनं सासूपुढं पोटाचा विषय काढायचा नाही, ही रीत मीच तिला पहिल्या वर्षी शिकवली होती. तुझे काका जेवत असताना ती मला 'गॅस झालाय का' म्हणाली होती, तेव्हा मी तिला आत बोलावून झापलं होतं.

म्हणून रोज प्यालाभर उरायचं.

घरी आल्यावर मी तिला एवढंच विचारलं, "सणाला तो प्याला काठोकाठ का भरलास?"

ती आधी घाबरली, मग म्हणाली, "गुलचेहरा म्हणाली होती, दोन दिवस जेवण जात नसेल म्हणजे गोष्ट हाताबाहेर चालली, पूर्ण प्याला पोटात गेलाच पाहिजे, अर्ध्यानं काही होणार नाही. आई, तो चहा नव्हता. औषध कुणी दोन घोट देतं का?" पुढं म्हणाली, "ओतून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. पण सगळ्यांपुढं ते परत कसं नेऊ? तुम्हाला पोटाचं आहे, असं सांगू?"

मला हसू आलं. खरं सांगते, टाके असते तर उसवले असते. तीसुद्धा हसली, तोंडावर ओढणी दाबून.

आता मी रोज घेते. पहाटे तिच्याजवळ बसून बघते. वीज आता जात नाही, पण सवय लागली आहे. जर्दाळू ती काळे, उन्हात वाळवलेले घेते. गंधकाच्या धुरीचे पिवळेधमक घेत नाही. ते भिजवलेलं पाणी फेकत नाही. सफरचंदाच्या फोडी, मूठभर वाळलेली पांढरी तुती गोडीला, ओट, जवस आयत्या वेळी कुटलेले, शेवटी दही. मी म्हटलं, "निदान एकदा गाळून बघ, घशाला खरखरतं." ती म्हणाली, "आई, तुम्ही आयुष्यभर जे फेकलंत तेच तर तुम्हाला हवंय." आगाऊ आहे. पण चव वाईट नाही, आणि बाकीचंही सुरळीत चाललंय. पुरे.

एक गोष्ट मात्र मला बोचते आहे. आईनं तुझ्या बायकोबद्दल असलं भयंकर लिहिलं. दोनदा लिहिलं. तू चिडून फोन केला नाहीस, 'आई, तुला वेड लागलंय का' म्हणाला नाहीस. तिला काही विचारलंही नाहीस. मी तिलाच विचारून बघितलं. तू महिन्यात एकदा फोन करतोस आणि हवापाणी विचारून ठेवतोस, असं ती म्हणाली.

परक्या माणसानं हे पत्र वाचलं असतं तरी त्याला काही विचारावंसं वाटलं असतं. तुला का वाटलं नाही?

उत्तर पाठव. फोनवर नको, लिहून.

आई


इस्फरा, ११ जून

इक्रोम,

सगळ्या घराच्या धाब्यावर जर्दाळू पसरलेत. या वर्षी असं पीक आलंय की फांद्यांना टेकू लावावे लागले. आम्ही दोघी धाब्यावर बसून बिया काढत होतो तेव्हा तुझा फोन आला. तिनं हात पुसले, उठून कडेला गेली. या वेळी मी कान दिला नाही. फार वेळ लागला नाही. ती परत येऊन बसली, पेटी पुढं ओढली आणि उरलेले जर्दाळू फोडून, पालथे न घालता, एकेक उताणा मांडत संपवले. मग म्हणाली, "आई, त्यांनी मला सोडलं. तीनदा म्हणाले. कारण तुम्हाला माहीत आहे म्हणे."

मी तिच्याकडे बघू शकले नाही.

"तुम्ही लिहिलं होतंत?"

"हो."

"दवाखान्याचं पण?"

"हो."

तिनं मान हलवली, जशी ती मीठ जास्त झालं म्हटल्यावर हलवते तशी, आणि रिकामी पेटी घेऊन शिडी उतरून गेली.

मग मी फोन मागून घेतला आणि तुला लावला. आपण काय बोललो ते तुला आठवत असेल, तरी लिहून ठेवते, नंतर बदलायला नको.

तू म्हणालास, "आई, तूच लिहिलंस. मी तुझ्या शब्दावर केलं."

मी म्हटलं, "एप्रिलचं पत्र मिळालं नाही?"

"मिळालं. पण तोवर माझं ठरलं होतं."

तेवढ्यात तुझ्या मागं काहीतरी पडलं, एक पोर रडलं आणि धावत आल्यासारखं जवळ येत तुला 'पापा' म्हणालं. कुणी बाई त्याला रशियनमध्ये रागावली. तू फोनवर हात धरलास. हाताआडूनसुद्धा ऐकू येतं रे. मग तू सगळंच सांगितलंस, की पानगळीच्या आधी त्या बाईला आणि लेकीला घेऊन येणार, वरच्या दोन खोल्या लागतील, तोवर मेहरंगेज गेलेली असली तर तिलाही बरं.

माझं पहिलं पत्र फेब्रुवारीतलं. तुझी लेक धावते. माझ्या शब्दावर केलंस म्हणतोस, तर माझे शब्द अजून रांगायलासुद्धा लागले नव्हते तेव्हा ही पोर पावलं टाकत होती.

मी मिक्सरवर संशय घेतला. जवसावर, कोंड्यावर, गुरुवारावर, तिच्या भावावर, टपाल नेणाऱ्या पोरावर घेतला. एका तुझ्यावर घेतला नाही. तू कारण शोधत बसला होतास आणि मी ते पाकिटात घालून तुझ्या दारात पोचवलं.

मशिदीतले मुल्ला म्हणाले, फोनवरचं सोडणं आम्ही धरत नाही. ते धरत नसतील, गल्ली धरते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरायला गेले तर बायका बोलायच्या थांबल्या. तुर्सुनोय म्हणाली, "मी तुला नव्हतं सांगितलं?"

मी मेहरंगेजला म्हटलं, तू कुठं जाऊ नकोस. ती बोचकं बांधत होती. म्हणाली, "मी इथं कोण म्हणून राहू, आई?" जन्मभर माझ्या तोंडाला कधी टाळं लागलं नव्हतं, ते नेमकं त्या वेळी लागलं. तिचा भाऊ कोनिबोदोमहून आला. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला कुणीतरी सगळं सांगितलेलं दिसलं, म्हणजे 'सगळं' जे गल्लीत चालतं ते. ती गाडीत मागं बसली. मिक्सर नेला. बरं केलं, तिचाच होता.

आता तुझं. घर तुझ्या वडिलांनी माझ्या नावावर केलं, हे तू विसरला असशील. नातीला बघायला मला आवडेल. तिचा काही दोष नाही, तिच्या आईचाही नसेल, तिला तू काय सांगितलंस कुणास ठाऊक. तू ये, भेट, जेव. पण राहायला दुसरीकडं बघ. वरच्या दोन खोल्या मोकळ्या नाहीत.

आई


इस्फरा, २० जून

मेहरंगेज,

हे पत्र तुर्सुनोयच्या कुणा नातेवाइकाच्या हातून पाठवलेलं नाही. बसवाल्याला दिलंय, आणि त्याला सांगितलंय की वहिनीच्या नाही, तुझ्याच हातात द्यायचं. तरी पाकीट बघून घे.

घाबरू नकोस, इक्रोमची वकिली करायला लिहीत नाही. आणि मला माफी मागता येत नाही, तुला माहीत आहे. माझ्या सासूला आली नाही, मलाही आली नाही. जे केलंय तेवढं सांगते.

काल तुर्सुनोयच्या नातीच्या बाळाला पाळण्यात घातलं. मला बोलावणं होतं. जावं की नाही, असं सकाळपासून चाललं होतं, मग गेले. अख्खा मोहल्ला जमला होता. वाळलेली तुती, साखर, नानेच्या चळती. पाळण्याची दोरी बांधून झाली, बायका आरामात बसल्या आणि तुर्सुनोयनं सुरुवात केली. "बिचारी होसियत! असली सून घरात, आणि हिला तीन वर्षं पत्ता नाही. पहाटे उठून वाटायची म्हणे..." पुढचं तिनं डोळ्यांनी सांगितलं.

मी उभी राहिले. गुडघे दुखत होते तरी उभी राहिले, कारण बसून सांगितलेलं मागच्यांना ऐकू येत नाही.

मी म्हटलं, "बायांनो, पहाटे ती माझ्यासाठी वाटायची. मला हिवाळाभर शौचाला होत नव्हतं. पाच पाच दिवस होत नव्हतं. दवाखान्यात जायची मला लाज वाटत होती म्हणून तिनं माझं दुखणं स्वतःचं म्हणून सांगितलं. खोटं वाटत असेल त्यांनी गुलचेहरा नर्सला विचारा, मला शेवटी काय करावं लागलं ते ती सांगेल. आणि तिच्या बदनामीची पत्रं मी लिहिली, माझ्या या हातानं. इक्रोमची तिकडं बायको आहे, धावणारी लेक आहे. ज्याला नाव ठेवायचं त्याला ठेवा, मला ठेवा. तिला ठेवलंत तर माझ्याशी गाठ आहे."

तुर्सुनोयचं तोंड उघडं ते उघडंच. मग कोपऱ्यातून तिची थोरली जाऊ, ती जवळपास ऐंशीची आहे, मोठ्यानं म्हणाली, "पाच दिवस? मला आठ दिवस झाले गं! काय घालायची ती त्यात? सगळं सांग." आणि जो गोंधळ सुरू झाला! हिला आहे, तिला आहे, दोघी बाळंतिणींना आहे. मैदा आणि मांस खाऊन मोहल्ला तुंबलाय आणि सगळ्या तोंडं शिवून बसल्या होत्या. मी सांगितलं. जर्दाळूचं पाणी फेकायचं नाही हे दोनदा सांगितलं. जवस आधी कुटायचे की नंतर, यावर त्यांचं भांडण जुंपलं तेव्हा मी निघून आले.

घरी येऊन खूप रडले. आधी लाजेनं, मग तुझ्या आठवणीनं. तू मला हवी आहेस, मेहरंगेज. पोटासाठी नाही, पोटाचं मी खलबत्त्यात वाटून भागवते आहे, गुठळ्या होतात, पण गिळते. सकाळी कुणाशी भांडावं, ते घरात कुणी नाही.

तू विचारलंस, कोण म्हणून राहू. मला त्या दिवशी उत्तर आलं नाही, ते आता घेऊन येते आहे. रविवारी सकाळच्या बसनं मी कोनिबोदोमला येते. एकटी. पांढऱ्या कापडात नान बांधून आणीन, मागणी घालायला नेतात तशी, आणि तुझ्या भावासमोर ठेवीन. त्यानं विचारलं, कुणासाठी मागता, तर सांगेन, माझ्यासाठी. मला मुलगी नाही. मुलगा होता, त्याचं काय झालं ते तुम्ही ऐकलंतच.

आधी कळवते ते एवढ्यासाठी, की न सांगता दारात आले तर तुला भिडेपोटी नाही म्हणता येणार नाही. विचार करायला वेळ घे. नान मोडून होकार द्यायचा हक्क तुझ्या भावाचा असतो, पण मी त्याला सांगेन की या वेळी तूच मोडायची. तू मोडलीस तर दुपारच्या बसनं आपण दोघी घरी येऊ. नाही मोडलीस तर मी कापड पुन्हा बांधीन, तुझ्या वहिनीचा चहा पिईन आणि एकटी परत येईन. रागावणार नाही. मोडली नाहीस तरी तू माझी लेकच आहेस. मोडलीस तर ते लोकांनाही कळेल, इतकाच फरक.

होसियत